घरमालकांचं पाणी

आमचे घरमालक विहिरीला आरसा दाखवत असत. चैत्र लागला की रोज सकाळी, ऊन कठड्यावर आलं म्हणजे, ते दाढीचा आरसा घेऊन विहिरीपाशी जात, उन्हाचा कवडसा पकडत आणि हळूहळू खाली उतरवत पार तळाशी नेत. मग वाकून बराच वेळ बघत. कुठला दगड उघडा पडला, कुठला झरा अजून पाझरतो आहे, हे त्यांना त्या कवडशात दिसे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, काही उतारा-बितारा करून राहिले. आमच्याकडे दूध घालणाऱ्या गवळणीचं तर शेवटपर्यंत तेच मत होतं. ती कठड्याच्या बाजूने कधी यायची नाही, लांबून वळसा घालून यायची.

त्यांना सगळे काका म्हणत, आम्हीही म्हणायचो. उंच, काटकुळे, पांढऱ्या भुवया पुढे आलेल्या. घराणं मराठ्यांच्या राज्यात नोकरीनिमित्त जबलपूरला आलेलं, ते तिथंच रुजलं. घरात मराठी बोलत, पण राग आला की हिंदी. त्यांच्या घरात मी पाच-सहा वर्षं काढली. ते चांगले होते की वाईट, शहाणे होते की चक्रम, हे मला तेव्हाही कळलं नाही. आता माझं त्यांच्याइतकं वय झालं, तरी कळत नाही.

आम्ही त्या घरात गेलो तेव्हा श्रावण होता. लढाईचे दिवस. ह्यांना खमरियाच्या नव्या कारखान्यात नोकरी लागली होती आणि तिथलं क्वार्टर मिळेपर्यंत अधारतालला दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. मी वर्ध्याकडची, नवीन लग्नाची. टांग्यातून उतरले तर समोर पन्हाळीखाली एक उघडे म्हातारे गृहस्थ उभे. वरून धो धो पाणी पडत होतं, आणि तरी त्यांच्या हातात बादली होती. शेजारच्या टाक्यातून उपसून ते ती डोक्यावर पालथी करत होते. आम्हाला पाहून हसले आणि म्हणाले, "या, या. आधी पाय धुवा. भरपूर धुवा."

त्या पावसाळ्यात त्यांनी घराच्या भिंती धुतल्या, जळणाचे कोळसे धुतले, खिडक्यांचे गज धुतले. दिवसातून तीनदा आंघोळ. मी एखादं भांडं एका पाण्यात विसळलं तर म्हणायचे, कंजूसी कशाला करते, अजून घे. मी माहेरी निरोप धाडला की इथं पाण्याची चैन आहे.

हे असं होळीपर्यंत चाललं. धुळवडीला त्यांनी सगळ्यांना कोरडा गुलाल लावला, आणि दुसऱ्या दिवशी मी न्हाणीत गेले तर बादली जागेवर नव्हती. तिथं एक परात होती आणि एक गडू. दाराशी काकू उभ्या होत्या, म्हणजे त्यांच्या मंडळी. बुटक्या, गोऱ्या, सदा पदर सावरणाऱ्या. त्यांनी खाली बघत मला सांगितलं की आजपासून परातीत उभं राहून न्हायचं. गडूभर पाणी आणि एक ओलं फडकं. परातीत जमलेलं पाणी फेकायचं नाही, त्यात पायपुसणी आणि पोतेरी धुवायची, त्यानंतर त्यानेच ओसरी पुसायची, आणि उरलेलं पपईच्या बुंध्याशी. तांदळाचं धुवण भाजी धुवायला, भाजीचं धुवण सड्याला. ताटं नाहीत, पळसाच्या पत्रावळी. भांडी राखेने कोरडी घासायची आणि ओल्या फडक्याने पुसायची. विहिरीवर फक्त सकाळी जायचं, दुपारी तिला विश्रांती.

मी विचारलं, विहीर आटली का. काकू म्हणाल्या, नाही, अजून पाणी आहे. मग काहून, म्हटलं. त्यावर त्यांनी नुसता पदर सावरला.

मी चिडून काकांकडे गेले. ते ओसरीवर पत्रावळी लावत बसले होते. मी म्हटलं, काका, अशाने अंग स्वच्छ कसं होईल? त्यांना मी रागावले आहे हेच कळलं नाही. फार गंभीरपणे त्यांनी मला समजावलं.

"पोरी, धुतो तो हात. पाणी काय करतं? निघालेला मळ उचलून नेतं. पाणी म्हणजे हमाल. एका पोत्याला तू किती हमाल लावते?"

हे संध्याकाळी कारखान्यातून आले, हातांना कोपरापर्यंत तेलाचा काळा थर. मी वाट बघत होते की आता ह्यांचं आणि काकांचं जुंपणार. काकांनी ह्यांच्यापुढे लाकडाचा भुसा आणि राख ठेवली. हे चोळत बसले, चोळत बसले, आणि शेवटी वाटीभर पाण्यातून हात काढले तर खरंच स्वच्छ. त्या दिवसापासून हे काकांचे शिष्य झाले. माझ्या बाजूला घरात कोणी उरलं नाही.

असं का करतात, हे मी त्यांना अनेकदा विचारलं. ह्यांना त्यांनी सांगितलं होतं की ते रेल्वेत मालगाडीवर ड्रायव्हर होते; एकदा इटारसीच्या वाटेवर भर उन्हाळ्यात जंगलात इंजिनातलं पाणी संपलं, गाडी उभी राहिली, आणि तेव्हा त्यांना पाण्याची किंमत कळली. गोष्ट मोठी थरारक होती आणि ह्यांना पाठ झाली होती. गवळणीला त्यांनी वेगळंच सांगितलं. म्हणे प्रत्येकाच्या नशिबात पाणी मोजून लिहिलेलं असतं, ते संपलं की माणूस संपला, म्हणून पुरवून वापरायचं. मी म्हटलं, मग श्रावणात बादल्या ओतता त्या? त्यावर म्हणाले, "पावसाळ्याचं पाणी हिशोबात धरत नाहीत." कोण धरत नाही, ते त्यांनी सांगितलं नाही.

एकदा मी काकूंना इंजिनाची गोष्ट सांगितली. त्या डाळ निवडत होत्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "हे कधीच इंजिनावर नव्हते. शेडमध्ये हजेरी घ्यायचे."

मी ते ह्यांना सांगितलं तर ह्यांनी काकूंवर विश्वास ठेवला नाही. आणि मला वाटतं, काकूही फार खात्रीने बोलल्या नव्हत्या.

काकांना एकच मूल, कुसुम. माझ्याहून थोडी लहान. मला वहिनी म्हणायची. दुपारी माझ्या खोलीत येऊन बसायची आणि आम्ही शिवण घेऊन बोलत बसायचो. बापाचे नियम ती बिनबोभाट पाळायची; परातीत इतकी सफाईने न्हायची की जमिनीवर थेंब पडत नसे. पण मनातून तिला ते सलत होतं. तिच्यासाठी स्थळं येत होती. सगळ्यांत चांगलं नागपूरचं होतं, मुलगा वकिली शिकलेला. कुसुमने ते नको म्हटलं आणि होशंगाबादचं पत्करलं. मुलगा शाळामास्तर, वडील नाहीत, मामाने वाढवलेला. सगळ्यांना आश्चर्य वाटलं. काकू रडल्यादेखील.

मी तिला एकटीला गाठून विचारलं. आधी हसली. मग म्हणाली, "वहिनी, त्यांचं घर घाटाला लागून आहे. मागच्या दारातून पायऱ्या थेट नर्मदाजीत उतरतात. जेठातसुद्धा."

मला वाटलं थट्टा करून राहिली. नाही, ती थट्टा करत नव्हती. एवढ्यासाठी कोणी लग्न ठरवतं का, हे मी रात्री ह्यांना विचारलं. हे म्हणाले, लोक याहून फालतू कारणासाठी ठरवतात.

लग्न वैशाखात निघालं. काकांनी फार प्रयत्न केला की ते मार्गशीर्षावर जावं, पण नवरदेवाची आजी खूप थकली होती आणि तिच्या डोळ्यांदेखत कार्य व्हावं असा मामांचा आग्रह. नेमकं त्या वर्षी पावसाने ओढ दिली होती. माघातच अधारतालचा तलाव मागे सरकला, चैत्रात आसपासच्या विहिरींत चिखल दिसू लागला. पनागरहून भाजी आणणाऱ्या बाया गाडीत भाजीसोबत आपलं पिण्याचं पाणीही घेऊन यायच्या. आमच्या विहिरीत पाणी होतं, पण घागर बुडायला वेळ लागायचा. काका आता सकाळ-संध्याकाळ आरसा घेऊन जात.

त्यांनी ओसरीवर रांजणांची रांग मांडली. रोज सकाळी झरे भरले की थोडं थोडं काढून रांजणात घालायचं, वर फडकं बांधायचं आणि मातीने लिंपून टाकायचं. हे स्वयंपाकाचं, हे वऱ्हाडाच्या पिण्याचं, हे पायधुणीचं, असं प्रत्येक रांजणाला काम नेमून दिलेलं. त्यासाठी आमचे गडू आणखी लहान झाले. मुलीच्या लग्नाचं पाणी म्हटल्यावर कोण बोलणार?

पण त्या रांगेत कुसुमच्या आंघोळीचा रांजण नव्हता. हळदीनंतर मुलीला न्हाऊ घालतात ते पाणी काकांनी धरलंच नव्हतं. काकूंनी भीत भीत आठवण केली तर म्हणाले, ओल्या पंच्याने पुसा, हळद अंगाला चांगलीच असते, राहिली तर बिघडलं काय? कुसुमने ऐकलं. दुपारी माझ्याकडे येऊन म्हणाली, "वहिनी, पावसाळ्यात लग्नं काहून नसतात?"

तेव्हा आम्ही तिघींनी ठरवलं. काकू त्यांच्या वाट्यातून, मी माझ्या, आणि कुसुम तिच्या, असं रोज ओंजळ ओंजळ बाजूला काढायचं. माझ्या स्वयंपाकखोलीच्या कोपऱ्यात जळणाच्या मागे मी एक रांजण ठेवला आणि वर गोणपाट टाकलं. ह्यांनादेखील सांगितलं नाही, कारण हे शिष्य. काका माझ्या स्वयंपाकखोलीत कधी पाऊल ठेवत नसत, भाडेकरणीच्या चुलीपाशी जाणं त्यांना अशिष्ट वाटे. त्यामुळे ती जागा सगळ्यांत सुरक्षित होती. फार हळू भरला तो रांजण. मला कित्येकदा तहान लागलेली असायची आणि मी त्याच्याकडे बघून बसायची. पण तो भरला तेव्हा आम्हाला जो आनंद झाला तो लग्नात झाला नाही. कुसुम गोणपाट बाजूला करून आत बोट बुडवायची आणि ते ओलं बोट कपाळाला लावायची.

लग्न गोरज मुहूर्ताचं होतं. सकाळी हळद लागली. न्हाणं दुपारी करायचं ठरलं, म्हणजे वऱ्हाड आलं की काका त्यांच्यात गुंततील आणि आम्हाला न्हाणीचं दार लावून घेता येईल. पाण्यात घालायला काकूंनी वाळा काढून ठेवला होता.

वऱ्हाड इटारसीकडून गाडीने आलं आणि स्टेशनवरून टांग्यांनी. ऐन दुपार, भाजून काढणारी लू सुटलेली. टांगे दाराशी लागले. माणसं मांडवात येऊन टेकली. ह्यांनी आणि शेजारच्यांनी पाणी फिरवलं. काकांच्या नियमाप्रमाणे वाटीने. आधी गूळ, मग वाटीभर पाणी, तोंडात घोळवून प्यायचं, मग लागलं तर दुसरी वाटी. काका स्वतः प्रत्येकाला समजावून सांगत होते की असं प्यायलं तर कमी लागतं. पाहुणे एकमेकांकडे बघत होते. नवरदेवाने मुकाट्याने वाटी पिऊन परत दिली. मामांनी वाटी हातात धरली आणि प्यायले नाहीत. भरदार अंगाचे, जरीच्या टोपीचे गृहस्थ. त्यांना हा अपमान वाटत होता, पण अजून ते बोलले नव्हते.

तेवढ्यात बाहेर एक घोडा बसला. टांग्याला जुंपलेलाच पुढचे पाय दुमडून खाली आला. टांगेवाला त्याचं तोंड धरून ओरडू लागला. काका बाहेर गेले. घोड्याच्या डोळ्यात बघितलं, जिभेला हात लावला. मग वळले आणि ओसरीवरच्या त्या सगळ्या लिंपलेल्या रांजणांवरून सरळ पुढे, माझ्या स्वयंपाकखोलीत शिरले. मी तिथं कुसुमच्या केसांना तेल लावत होते. आमच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. जळणामागचं गोणपाट उचललं, टांगेवाल्याला हाक मारली आणि म्हणाले, "भैया, ये ले जाओ. पूरा."

टांगेवाला आणि त्याचा जोडीदार रांजण उचलून घेऊन गेले. माझ्या हातात तेलाची वाटी तशीच राहिली. मी कुसुमकडे बघितलं. ती दाराकडे बघत होती. बाहेर घोड्याचं पिणं ऐकू येत होतं. एकाचं झालं, मग दुसऱ्याचं, मग सगळ्याच घोड्यांचं.

आणि मग मामांचा आवाज आला. मी खिडकीशी गेले. ते मांडवाच्या मध्ये उभे होते आणि वाटी त्यांनी जमिनीवर ठेवून दिली होती. त्यांचं म्हणणं सोपं होतं. पाहुण्यांना वाटी आणि घोड्यांना रांजण, हे कुठल्या घरचं वळण? नवरदेवाकडच्या माणसांची किंमत जनावराखाली असेल तर टांगे जुंपलेलेच आहेत, ते फिरवता येतील. मांडवात कोणी हलेना. काकू पदर तोंडाला लावून भिंतीला टेकल्या.

काकांनी माफी मागितली असती तर तिथेच मिटलं असतं. पण मामा का रागावले हे त्यांना कळलंच नाही. मला ज्या आवाजात हमालाचं सांगितलं होतं त्याच आवाजात त्यांनी मामांना समजावलं.

"घोड्याला किती लागतं ते त्याला माहीत असतं. तेवढं पितो आणि तोंड काढून घेतो. माणसाला माहीत नसतं, म्हणून वाटी."

मामांनी टांगेवाल्यांना हाक मारली. म्हणाले, सामान चढवा. नवरदेव उठून उभा राहिला, पण कोणाकडे जावं ते त्याला कळेना. हे मध्ये पडायला गेले, त्यांना कोणी विचारलं नाही. मी मागे वळून कुसुमला सांगणार होते, पण ती सगळं ऐकत होती. तिने एकच विचारलं, तेही हळू. "वहिनी, बाबांना ते कशाचं पाणी होतं, माहीत असेल?"

त्या वेळी आवाज आला तो म्हाताऱ्या आजीचा. मामांच्या आई त्या. त्यांना सतरंजीवर तक्क्याला टेकवून बसवलं होतं. कमी ऐकू यायचं, त्यामुळे भांडण त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. पण घोडे पाणी पिताना त्यांना दिसले होते, आणि हातातली वाटी त्या अजून घोट घोट पीत होत्या. त्यांनी काकांना खुणेने जवळ बोलावलं.

"व्याही, तुम्ही दर्यापूरकडचे काय हो?"

काका म्हणाले, नाही, इथलेच, जबलपूरचे. आजींना ते ऐकू आलं नाही, किंवा पटलं नाही. त्या सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगू लागल्या. त्यांचं माहेर दर्यापूरकडचं. तिकडे विहिरी खाऱ्या, पाणी तोंडात धरवत नाही. गोडं पाणी लांबून बैलगाडीने आणायचं. पाहुणा आला की पुढे दूध येई, ताक येई, पण पाणी वाटीनेच. आणि सगळ्यांच्या आधी बैलांना. "बैल मेला तर गोडं पाणी आणणार कोण? माझा बाप जावयाला थांबवून बैलाला पाजायचा." मग त्यांनी मुलाकडे पाहिलं आणि विचारलं, सामान काहून चढवून राहिला, आपल्याच गावच्या माणसाकडे आलो ना आपण?

काका पुन्हा म्हणाले, माझे आजोबा, पणजोबा सगळे इथलेच. आजी हसल्या. म्हणाल्या, नोकरीने माणूस कुठेही जातो, वळण कुठे जातं? काका तिसऱ्यांदा तोंड उघडणार, तोच ह्यांनी त्यांचा दंड धरला आणि भटजी बोलावतात म्हणून आत नेलं. आत भटजी नव्हते. काका ह्यांना म्हणत होते की बाईंचा गैरसमज होऊन राहिला, तो दूर केला पाहिजे. हे म्हणाले, उद्या करू.

मामा थोडा वेळ उभे राहिले. आईपुढे त्यांचं काही चालत नसावं. मग खाली बसले, जमिनीवरची वाटी उचलली आणि प्यायले.

तर असं ते लग्न झालं. कुसुमची हळद आम्ही ओल्या पंच्याने पुसली, काकूंनी एका बाजूने आणि मी दुसऱ्या. वाळा तसाच पुडीत राहिला. मुहूर्तावर अंतरपाट दूर झाला तेव्हा सगळे म्हणाले, मुलगी किती पिवळीधमक दिसते.

जेवणं उत्तम झाली. काकांच्या रांजणांत कशाचंही पाणी कमी पडलं नाही. पायधुणीचंसुद्धा उरलं. ते पाहून मला अधिकच कळेना. उरणारच होतं तर घोड्यांना ते द्यायचं होतं. पण ते उरेल हे दुपारी कोणाला माहीत होतं? हे म्हणाले, काकांनी बरोबर केलं, नेमून दिलेलं पाणी मोडायचं नाही. मी म्हटलं, मुलीचं मोडायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी टांगे आले. कुसुमने सगळ्यांना नमस्कार केला, काकूंच्या गळ्यात पडून रडली, माझ्याही. मग बापापुढे आली. वाकून नमस्कार केला आणि उठताना विचारलं, "बाबा, ते माझ्या न्हाण्याचं होतं. तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं," काका म्हणाले.

"कधीपासून?"

"तुम्ही ठेवायला लागल्या तेव्हापासून. तुझी आई कोरड्या तोंडाने बोलायची." मग म्हणाले, "तुला आता अख्खी नर्मदा मिळून राहिली, पोरी. घोड्याला कुठं होती?"

मी कुसुमच्या चेहऱ्याकडे बघत होते. मला वाटलं आता ती बापाला काही तरी लागेलसं बोलेल, किंवा हसेल तरी. तिने दोन्ही केलं नाही. त्यांच्या उपरण्याची घडी सारखी केली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही माझ्याकडे पावसाळ्यात या. उन्हाळ्यात येऊ नका. मी त्या वेळी घाटावर असेन, तुम्हाला बघवणार नाही."

"बरं," काका म्हणाले.

ती काळजी होती की शिक्षा, याचा मी त्या दिवशी विचार केला आणि नंतरही खूप केला. काकांनी मात्र ते हुकमासारखं घेतलं. दिवाळसण झाला, संक्रांत झाली, कुसुम येऊन गेली. मग उन्हाळा आला आणि तिला दिवस गेलेले होते. पहिलटकरीण माहेरी यायची, पण तिच्या सासरहून निरोप आला की तिकडे पाण्याचे हाल, बाळंतपण इथंच करतो. काकूंनाच बोलावलं. काकू गेल्या. काका राहिले. मी त्यांना जेवायला वाढायची. पत्रावळीवर खाली मान घालून जेवायचे आणि आपला वाटीभर पाण्याचा वाटा पिऊन उठायचे.

जेठात नातू झाल्याचा निरोप आला. हे त्यांना म्हणाले, काका, आता तरी जाऊन या, गाडीत बसवून देतो. मीही म्हटलं. लेक बाळंत झाली, तिच्या तोंडचं काय धरून बसता, ती विसरलीही असेल. काका आरसा पुसत होते.

"ती नाही विसरणार," म्हणाले. "माझी मुलगी आहे."

आषाढ लागला आणि मग ते गेले. एक ट्रंक, एक छत्री. पंधरवड्याने परतले तेव्हा मी अंगणात होते. मी त्यांच्या हातातली ट्रंक घेतली आणि विचारलं, बाळ कसं आहे, कोणावर गेलंय.

काका पायरीवर बसले. छत्री मिटून बाजूला ठेवली. त्यांचा चेहरा मला तेव्हाही वाचता आला नाही.

"पाण्यात पाय झाडतो," ते म्हणाले. "घंगाळात धरलं की रडं थांबतं, बाहेर काढलं की पुन्हा सुरू. सगळं सांडतो."

मी विचारलं, मग तुम्ही काय केलं?

"काय करणार? मी भरून देत होतो."